आधी गट, मग रँक : व्हॅलोरंटच्या गेम नाइटसाठी संघ कसे पाडावेत

महाविद्यालयात, वसतिगृहात किंवा डिस्कॉर्डवरच्या मित्रमंडळात व्हॅलोरंट या पाच विरुद्ध पाच जणांच्या ऑनलाइन शूटिंग खेळाची गेम नाइट ठेवली की एक प्रकार हमखास घडतो. तीसेक जण नाव नोंदवतात, संयोजक सर्वांची रँक, म्हणजे खेळाने ठरवलेली कौशल्याची श्रेणी, विचारून यादी लावतो आणि वरून खाली नावे वाटत सहा संघ पाडतो. मग "आम्हा चौघांना एकत्र ठेवा", "मी याच्याशिवाय खेळत नाही" अशा विनंत्या येऊ लागतात आणि शेवटच्या अर्ध्या तासात नावांची अदलाबदल सुरू होते. कागदावर रँकची बेरीज तरीही जुळलेली असते, पण पहिलाच सामना १३-३ असा संपतो, कारण एका बाजूला रोज रात्री एकत्र खेळणारे पाच जण असतात आणि दुसऱ्या बाजूला एकमेकांची नावेही ठाऊक नसलेले पाच जण. हरलेल्यांपैकी दोघे-तिघे पुढच्या वेळी येत नाहीत, आणि त्यांना खेळाची फारशी आवड नव्हती, अशी संयोजक स्वतःची समजूत घालून घेतो.

यात रँक मोजण्यात काही चुकलेले नसते. चुकलेला असतो तो क्रम. रँक ही एका खेळाडूची असते, तर ठरलेल्या गटाचे बळ खेळाडूंच्या मधल्या जागेत असते : कोण आधी आत शिरणार, कोणाच्या कोणत्या सुरावरून काय समजायचे, हरत असताना कोण बोलायचे थांबतो आणि कोण धीर देतो. हे रँकच्या आकड्यात पुरते उतरत नाही. म्हणून गट आधी बसवावे लागतात आणि रँक त्यानंतर जुळवावी लागते. पुढील टप्पे मी स्वतः ज्या क्रमाने पाळतो, त्याच क्रमाने दिले आहेत, आणि ते मागेपुढे केले तर पद्धत बिघडते. उदाहरण व्हॅलोरंटचे असले तरी पाच-पाच जणांच्या कोणत्याही खेळाला ती थोड्या फरकाने लावता येईल.

या लेखात 'गट' म्हणजे एकमेकांबरोबर नेहमी खेळणारे दोन ते पाच जण, 'सोलो' म्हणजे एकटा आलेला खेळाडू आणि 'संघ' म्हणजे प्रत्यक्ष सामन्यात उतरणारे पाच जण, असे धरले आहे. दोघांच्या गटाला 'ड्युओ', तिघांच्या गटाला 'ट्रायो' आणि पाच जणांच्या गटाला 'फाइव्ह स्टॅक' म्हटले आहे.

टप्पा १ : नोंदणीत काय विचारावे

फॉर्म तीन दिवस आधी उघडावा आणि आदल्या रात्री दहा वाजता बंद करावा. त्याच संध्याकाळपर्यंत नोंदणी चालू ठेवण्याचा मोह होतो, पण उशिरा येणारे बहुधा गटानेच येतात आणि त्यांना सामावून घेताना आधी बसवलेली सगळी मांडणी मोडावी लागते.

फॉर्ममध्ये रायट आयडी, अकाउंटचा रीजन, सध्याची रँक, आजवरची सर्वोच्च रँक, सवयीच्या दोन भूमिका, माइक आहे की नाही आणि बोलण्याची सोयीची भाषा एवढे विचारावे. सर्वोच्च रँक विचारण्यामागे कारण आहे. बरेच दिवस न खेळलेल्या किंवा दुसऱ्या अकाउंटवरून आलेल्या खेळाडूची सध्याची रँक त्याच्या खऱ्या कुवतीपेक्षा बरीच खाली असू शकते, आणि असा एकच खेळाडू संपूर्ण सामन्याचा तोल घालवतो.

रीजनचा प्रश्न बहुतेक संयोजक विसरतात. व्हॅलोरंटचे अकाउंट रीजनला बांधलेले असते. भारतातली अकाउंट आशिया-पॅसिफिकमध्ये मोडतात आणि आपण लॉबी, म्हणजे सामन्याची खासगी खोली, मुंबई सर्व्हरवर उघडतो. शिकायला जर्मनीला गेलेल्या मित्राने तिथे नवे अकाउंट काढले असेल तर ते युरोपचे असते, आणि कितीही आग्रह केला तरी ते आपल्या लॉबीत येऊ शकत नाही. त्याचे जुने भारतातले अकाउंट असेल तर तो येऊ शकतो, पण लंडन किंवा न्यू जर्सीहून मुंबईपर्यंतचा पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, साधारणपणे शंभर मिलिसेकंदांच्या वर राहतो, हे त्याला आणि त्याच्या संघाला आधीच सांगून ठेवावे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न गटाचा. तो "तुमचा गट आहे का?" असा विचारू नये, कारण त्याचे उत्तर अनेक जण "नाही" असेच देतात. त्याऐवजी "गेल्या महिनाभरात कोणाबरोबर दहापेक्षा अधिक सामने खेळलात? त्यांची नावे लिहा" असे विचारावे. दोघांनी एकमेकांची नावे लिहिली तर ती जोडी पक्की. एकानेच लिहिले तर दुसऱ्याला निरोप पाठवून विचारून घ्यावे.

सावधान : गट जाहीर करणे तोट्याचे ठरत असेल तर लोक तो लपवतात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळात यादृच्छिक बॅटलग्राउंडसाठी, म्हणजे खेळानेच संघ जुळवलेल्या लढायांसाठी, गटाला पाच जणांची मर्यादा आहे. तरीही चाळीस विरुद्ध चाळीसच्या लढायांसाठी अनेक गट व्हॉइसवर "तीन, दोन, एक" असे मोजून एकाच क्षणी सामना जुळवणाऱ्या रांगेत शिरतात आणि एका बाजूला जमतात. नुसत्या बंदीने हे थांबत नाही. म्हणून आपला नियम उलट ठेवावा : जाहीर केलेला ड्युओ पहिल्या फेरीत हमखास एकत्र राहील, आणि न जाहीर केलेला ड्युओ लक्षात आल्यास दोन वेगळ्या सामन्यांत जाईल.

टप्पा २ : गटाच्या आकाराचे नियम नोंदणीबरोबरच जाहीर करावेत

दोन, तीन आणि पाच जणांचा गट चालेल. चार जणांचा चालणार नाही. व्हॅलोरंटच्या कॉम्पिटिटिव्ह, म्हणजे रँक ठरवणाऱ्या सामन्यांच्या, रांगेतही हाच नियम आहे, आणि त्याचे कारण पाचव्या माणसात आहे. चौघे मित्र आणि एक अनोळखी असा संघ झाला की तो पाचवा लहानपणीच्या खेळातला लिंबूटिंबू होतो : त्याला धरलेले असते, पण मोजलेले नसते. चौघांचे ठरलेले असते, तो मध्येच बोलला तर अडथळा वाटतो, आणि सामना हरला तर दोष त्याच्याकडेच जातो. ज्या खेळांत मतदानाने खेळाडूला बाहेर काढण्याची सोय असते, तिथे चौघे मिळून पाचव्याला सामन्यातूनच काढू शकतात.

चौघांचा गट आला तर त्यांना दोन पर्याय द्यावेत. त्यांनी आपल्याच ओळखीचा पाचवा आणावा, नाहीतर दोन-दोनमध्ये विभागले जावे. "तीन आणि एक" हा पर्याय मी देत नाही, कारण बाहेर पडलेला तो एक जण त्या रात्री मनाने खेळत नाही.

गट आणि सोलो यांच्या रांगाच वेगळ्या का करू नयेत, असे कोणी विचारेल. मोठ्या खेळांना ते परवडते. लीग ऑफ लेजंड्सने २०१६ मध्ये सर्व आकारांचे गट एकाच रँक्ड रांगेत आणले होते; सोलो खेळाडूंचा रँकवरचा विश्वासच डळमळला आणि पुढच्याच हंगामात सोलो-ड्युओ आणि फ्लेक्स (मोठ्या गटांनाही खुली) अशा दोन रांगा कराव्या लागल्या. ओव्हरवॉच २ मध्ये रँकमध्ये फार अंतर असलेल्या गटाला तशाच गटासमोर उभे केले जाते, आणि त्याची किंमत म्हणून त्याला जास्त वेळ थांबावे लागते. आपल्याकडे लाखो खेळाडू नसतात, तीस असतात. तिसांच्या दोन रांगा केल्या तर दोन्ही रांगा अर्धवट राहतात आणि निम्मे लोक नुसते बघत बसतात. म्हणून रांग एकच ठेवावी आणि तोल मांडणीतून साधावा.

तपासणी : नियमांच्या संदेशात "पहिल्या फेरीनंतर गट फोडले जातील" हे वाक्य आहे का, ते पाहावे. ते नंतर सांगितले तर वाद होतो. आधी सांगितले तर कोणी हरकत घेत नाही.

टप्पा ३ : जोड्या मोजाव्यात

गटाचे बळ मोजायला मी त्यातील ओळखीच्या जोड्या मोजतो. दोघांच्या गटात १ जोडी असते, तिघांत ३, चौघांत ६ आणि पाच जणांत १०. गट एकेका माणसाने वाढतो तेव्हा जोड्या त्यापेक्षा कितीतरी वेगाने वाढतात, आणि मैदानावरचा अनुभवही अगदी तसाच आहे : ड्युओ असलेला संघ थोडा बरा खेळतो, ट्रायो असलेला स्पष्टपणे बरा खेळतो आणि फाइव्ह स्टॅक वेगळाच खेळ खेळत असतो.

गट वेगळा मोजण्याची ही कल्पना माझ्या डोक्यातून निघालेली नाही. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलेल्या ट्रूस्किल २ या गुणांकन पद्धतीत खेळाडू एकटा आला की गटाबरोबर आला, हे वेगळे धरले जाते. आपल्याकडे त्यांच्याइतकी आकडेवारी नाही, म्हणून हाताने मोजता येईल असे माप हवे, आणि जोड्यांचे माप त्यासाठी पुरते.

दोन वेगळे गट एका संघात आले तर त्यांच्या जोड्यांची फक्त बेरीज करावी. ट्रायो आणि ड्युओ मिळून झालेल्या संघात ३ अधिक १, म्हणजे ४ जोड्या होतात, १० नव्हेत. एका संघात पाच जण असूनही त्यांच्यातले निम्म्याहून अधिक दुवे अजून जुळलेले नसतात, हा फरक इथे आकड्यात दिसतो.

टप्पा ४ : गट बसवावेत, त्यानंतर सोलो

एक संपूर्ण उदाहरण घेऊ. तीस नोंदी आहेत : एक फाइव्ह स्टॅक, एक चौघांचा गट, दोन ट्रायो, तीन ड्युओ आणि नऊ सोलो. चौघांनी दोन-दोनमध्ये विभागणे मान्य केले, म्हणजे आता एक पाच, दोन तीन, पाच दोन आणि नऊ एकटे झाले. सहा संघ, तीन सामने.

सर्वांत मोठ्या गटापासून सुरुवात करावी. फाइव्ह स्टॅक हा अ संघ. त्याच्यासमोर उरलेल्यांतून ज्यात जास्तीत जास्त जोड्या होतील असा संघ उभा करावा : एक ट्रायो आणि एक ड्युओ, हा ब संघ. दुसरा ट्रायो आणि दोन सोलो मिळून क संघ होतो, आणि त्याच्यासमोर दोन ड्युओ आणि एक सोलो असा ड संघ. उरलेले दोन ड्युओ इ आणि फ या संघांत एकेक द्यावेत आणि दोन्हीकडे तीन-तीन सोलो घालावेत. जोड्या मोजल्या तर अ विरुद्ध ब हा सामना १० विरुद्ध ४, क विरुद्ध ड हा ३ विरुद्ध २ आणि इ विरुद्ध फ हा १ विरुद्ध १ असा होतो. नऊपैकी एकही सोलो फाइव्ह स्टॅकसमोर गेलेला नाही. माझ्या मते या टप्प्याचे यश याच एका गोष्टीवर जोखावे.

दोन फाइव्ह स्टॅक नोंदवले गेले असतील तर काम सोपे होते. त्यांना एकमेकांसमोर ठेवावे आणि उरलेल्या वीस जणांची मांडणी वेगळी करावी.

सावधान : ड संघात दोन ड्युओ आहेत. ते दोन्ही ड्युओ त्याच फोडलेल्या चौघांचे असतील तर आपण त्या चौघांना मागच्या दाराने परत एकत्र आणून बसवले, आणि त्यांच्याबरोबरचा सोलो पुन्हा लिंबूटिंबू झाला. ही चूक माझ्या हातून दोनदा झाली आहे, कारण यादीत ते दोन वेगळे ड्युओ म्हणूनच दिसतात. फोडलेल्या गटातील नावांपुढे एकाच रंगाची खूण करून ठेवावी.

सावधान : गल्लीतल्या क्रिकेटसारखे दोन कॅप्टन उभे करून आळीपाळीने भिडू मागण्याची पद्धत इथे वापरू नये. कॅप्टन आपल्या गटातले भिडू आधी मागतो, आणि सगळ्यांसमोर शेवटी उरतो तो नवा आलेला सोलो.

टप्पा ५ : आता रँक जुळवावी

आयर्न, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, असेंडंट आणि इमॉर्टल या प्रत्येक श्रेणीत तीन पायऱ्या आहेत आणि त्यांच्या वर रेडियंट ही एकच. म्हणून आयर्न १ ला १ गुण, आयर्न २ ला २ गुण असे मोजत गेले की इमॉर्टल ३ ला २४ आणि रेडियंटला २५ गुण येतात. सध्याची आणि सर्वोच्च रँक यांत तीनपेक्षा अधिक गुणांचे अंतर असेल तर दोहोंच्या मधला आकडा धरावा.

या टप्प्यावर गटांचे आकार बदलायचे नाहीत. फक्त कोणता ट्रायो, कोणता ड्युओ आणि कोणता सोलो कुठे जाईल, एवढेच ठरवायचे. वरच्या उदाहरणात ब संघासाठी दोनपैकी एक ट्रायो आणि पाचपैकी एक ड्युओ निवडायचा आहे. एकूण दहाच शक्यता आहेत आणि त्या कागदावर पाच मिनिटांत तपासून होतात.

बेरीज समान करू नये. ज्या संघात जोड्या जास्त आहेत त्याची बेरीज, जोड्यांच्या फरकाइतकी कमी ठेवावी : एका जोडीमागे एक गुण. अ संघात गोल्ड १, गोल्ड २, गोल्ड ३, सिल्व्हर ३ आणि प्लॅटिनम १ असे खेळाडू आहेत असे समजा. त्यांचे गुण १०, ११, १२, ९ आणि १३ मिळून ५५ होतात. जोड्यांचा फरक सहा आहे, म्हणून ब संघाची बेरीज ६१ च्या जवळ हवी : प्लॅटिनम २, प्लॅटिनम १, गोल्ड ३ आणि दोन गोल्ड २ मिळून १४, १३, १२, ११ आणि ११, म्हणजे नेमके ६१. नेहमी इतके नेमके जुळत नाही, आणि एक-दोन गुणांचा फरक सोडून द्यावा.

एका जोडीमागे एक गुण हा माझा अंदाज आहे. आपल्या मंडळींसाठी तो वेगळा निघू शकतो; तो कसा सुधारावा हे शेवटच्या टप्प्यात सांगितले आहे.

तपासणी : बेरीज जुळली तरी दोन्ही संघांतील सर्वांत वरच्या खेळाडूंमध्ये तीनपेक्षा अधिक गुणांचे अंतर आहे का, ते पाहावे. एक इमॉर्टल आणि चार ब्राँझ मिळून होणारी बेरीज पाच सिल्व्हरच्या आसपास येते, पण तो सामना सारखा होत नाही. तो इमॉर्टल एकटाच खेळतो आणि बाकीचे नऊ जण त्याला बघतात.

टप्पा ६ : आवाजाची व्यवस्था

संघ पाडण्यावर तासभर घालवणारे संयोजक या टप्प्यावर दोन मिनिटेही देत नाहीत, आणि सोलो खेळाडूचा सर्वांत मोठा तोटा इथेच होतो.

एकदा हेवन नकाशावर सामना चालू होता आणि मी प्रेक्षक म्हणून लॉबीत होतो. एका संघात एक ट्रायो आणि दोन सोलो होते. सातव्या राउंडला सी साइट (स्पाइक, म्हणजे बॉम्ब, पेरायच्या जागांपैकी एक) राखणारा सोलो, अगदी शांत मुलगा, स्पष्टपणे म्हणाला : "सी लाँगवर तीन, स्पाइक इथेच आहे." उत्तर आले नाही. त्याने पुन्हा सांगितले, मग चॅटमध्ये टाइप करायला घेतले आणि टाइप करता करताच मारला गेला. ट्रायो तोवर ए साइटवर शांतपणे वाट बघत होता. राउंड संपल्यावर त्यांनीच चॅटमध्ये विचारले, "सांगितले का नाहीस?" तिघे नेहमीच्या सवयीने आपल्या खासगी डिस्कॉर्ड कॉलवर होते आणि गेममधला टीम व्हॉइस त्यांनी बंद ठेवला होता. त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हते. ते रोज जसे बसतात तसेच बसले होते. तो मुलगा उरलेल्या सामन्यात एक शब्दही बोलला नाही.

म्हणून पुढील क्रम पाळावा. प्रत्येक संघासाठी डिस्कॉर्डवर संघाच्या नावाचे एक व्हॉइस चॅनेल सामन्याआधीच तयार ठेवावे. सामन्याच्या दहा मिनिटे आधी पाचही जण त्या चॅनेलमध्ये आले आहेत का, हे संयोजकाने स्वतः मोजावे. गेममधला पार्टी व्हॉइस सर्वांनी बंद करावा, कारण कस्टम लॉबीत दहाही जण एकाच पार्टीत असतात आणि आपले बोलणे प्रतिपक्षाच्या कानावर जाण्याचा धोका असतो. त्यानंतर प्रत्येकाने क्रमाने आपले नाव आणि एक वाक्य बोलून दाखवावे. ज्याचा आवाज ऐकू आला नाही त्याचा माइक तिथेच दुरुस्त करावा. "सुरू करू, नंतर बघू" हे वाक्य मान्य करू नये.

भाषाही याच वेळी ठरवावी. मराठी, हिंदी आणि इंग्रजी यांची सरमिसळ आपल्याकडे सहज चालते, पण जागांची नावे सर्वांनी गेममध्ये दिसतात तीच वापरावीत. गटांनी रोजच्या खेळात घरगुती नावे पाडलेली असतात. "गणूच्या कोपऱ्यात एक" याचा अर्थ त्या तिघांना लगेच कळतो आणि सोलोला कधीच कळत नाही.

तपासणी : पहिल्या दोन राउंडमध्ये संयोजकाने प्रत्येक चॅनेलमध्ये अर्धा मिनिट ऐकावे. सोलोने दिलेल्या माहितीला कोणी "ओके" तरी म्हणत आहे का, एवढेच ऐकायचे. म्हणत नसतील तर राउंडच्या मधल्या वेळेत गटातल्या एका समंजस खेळाडूला निरोप टाकावा. सगळ्यांसमोर टोकू नये.

टप्पा ७ : नकाशा आणि एजंट

नकाशा मतदानाने ठरवू नये. मतदानात गट एकगठ्ठा मत देतो आणि आपला सरावाचा नकाशा मिळवतो. कॉम्पिटिटिव्हमध्ये त्या वेळी चालू असलेल्या सात नकाशांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात.

एका संघात एक एजंट, म्हणजे खेळातले पात्र, एकालाच घेता येतो, आणि गटांच्या भूमिका बहुधा आधीच ठरलेल्या असतात. परिणामी सोलोच्या वाट्याला उरलेली भूमिका येते, म्हणजे बहुतेक वेळा कंट्रोलर (धूर टाकून वाटा झाकणारा), आणि धूर चुकीच्या जागी पडला की बोलणीही त्यालाच बसतात. म्हणून निवडीच्या वेळी सोलोंनी आधी एजंट घ्यावा आणि गटाने स्वतःला त्याप्रमाणे बसवावे. एकत्र खेळण्याची सवय असलेल्यांना हे जमते. अनोळखी माणसाला ते अवघड जाते.

लॉबी उघडणाऱ्याने सर्व्हर मुंबई आहे आणि चीट्सचा पर्याय बंद आहे, हे पाहून मगच सामना सुरू करावा.

टप्पा ८ : फेऱ्यांमधली अदलाबदल

"जिंकेल तो टिकेल" हा नियम कधीही ठेवू नये. संध्याकाळी सातला सुरू झालेली गेम नाइट या नियमाने साडेनऊपर्यंत एका फाइव्ह स्टॅकची होऊन जाते. बाकीचे आळीपाळीने त्यांच्यासमोर हरायला येतात, आणि गंमत त्या जिंकणाऱ्यांनाही उरत नाही.

एक सामना साधारण ३५ ते ४५ मिनिटांचा धरून तासाला एक अशा तीन फेऱ्या ठेवाव्यात. पहिल्या फेरीत गट जसेच्या तसे. दुसऱ्या फेरीत फाइव्ह स्टॅक तीन आणि दोन असा फोडून दोन वेगळ्या सामन्यांत पाठवावा. ट्रायो आणि ड्युओ तसेच राहतील, पण त्यांच्यासोबतचे सोलो बदलतील. तिसऱ्या फेरीत ड्युओपेक्षा मोठा गट ठेवू नये. प्रत्येक फेरीआधी टप्पा ३ ते ५ पुन्हा करावेत. सुरुवातीला याला वीस मिनिटे लागतात, सवय झाली की पाच-सात मिनिटांत उरकते.

गट फोडल्यावर कुरबुर होते, विशेषतः ट्रायोंची. माझा अनुभव असा की फाइव्ह स्टॅकमधला, तिथे नेहमी दुसऱ्याच्या सूचनेवर चालणारा खेळाडू नव्या संघात गेला की बोलू लागतो. असे दोन-तीन जण पुढे स्वतःहून लॉबी सांभाळायला आले आहेत.

टप्पा ९ : कोणी आलेच नाही तर

सामन्याच्या पंधरा मिनिटे आधी हजेरी घ्यावी आणि प्रतीक्षा यादीत तीन सोलो तयार ठेवावेत. फाइव्ह स्टॅकमधला एक जण गैरहजर असेल तर घाईत सोलो घालून मोकळे होऊ नये, कारण तो पुन्हा चार अधिक एक झाला. आधी त्या चौघांना दोन-दोनमध्ये विभागता येते का ते पाहावे. वेळच नसेल तर प्रतीक्षा यादीतल्या सोलोला परिस्थिती स्पष्ट सांगून विचारावे आणि तो नको म्हणाला तर पुढच्याला विचारावे. सामना चालू असताना कोणाची वीज किंवा इंटरनेट गेले, तर पहिल्या तीन राउंडपर्यंत सामना नव्याने सुरू करावा. त्यापुढे तसाच पूर्ण करावा.

टप्पा १० : नोंद ठेवावी आणि अंदाज सुधारावा

प्रत्येक सामन्याची एक ओळ लिहावी : तारीख, नकाशा, दोन्ही संघांच्या जोड्या, दोन्हींची रँकची बेरीज आणि निकाल. १३-९ पासून १३-११ पर्यंतचा किंवा ओव्हरटाइमला गेलेला सामना बरोबर जुळला असे धरावे. जास्त जोड्यांचा संघ आठ किंवा अधिक राउंडच्या फरकाने जिंकल्याचे तीन-चार सामने दिसले, तर पुढच्या वेळी एका जोडीमागे दीड गुण धरावा. उलट तोच संघ सातत्याने हरत असेल तर अर्धा गुण धरावा. एका सामन्यावरून आकडा बदलू नये. एखाद्याची ती रात्रच चांगली असते.

दुसऱ्या दिवशी सर्व सोलोंना वैयक्तिक निरोप पाठवून एकच प्रश्न विचारावा : "तुमचे बोलणे संघात ऐकले जात होते का?" मजा आली का, असे विचारले तर सगळे हो म्हणतात. या प्रश्नाला मात्र खरी उत्तरे येतात, आणि कोणत्या गटाबरोबर पुढच्या वेळी कोणाला बसवू नये हे त्यातूनच कळते.

याच उत्तरांत काही सोलो एखाद्याचे नाव घेऊन त्याच्याबरोबर पुन्हा खेळायची इच्छा लिहितात. ती नावे लगेच यादीत गटाच्या रकान्यात चढवावीत, कारण पुढच्या फॉर्ममध्ये ते दोघे जुन्या सवयीने आपापले नाव सोलो म्हणूनच भरतात, आणि मधल्या आठवड्यात ते रोज रात्री एकत्र खेळलेले असतात.